बाइकवर तीन आवाज, एक अ‍ॅम्प आणि मधली ती शिट्टी

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका रायडरचा प्रश्न आहे. ३५० सीसीची क्रूझर, हँडलला तीन इंची दोन स्पीकर, सीटखाली आवाज मोठा करणारा छोटा क्लास-डी अ‍ॅम्प. त्यांना मोबाइल, वेगळं नेव्हिगेशन यंत्र आणि एफएम-यूएसबीचं मॉड्यूल अशी तिन्ही उपकरणं एकाच वेळी जोडायची आहेत. त्यांनी बाजारातले दोन वाय जॅक लावून तिन्ही एकत्र केली. आवाज निम्म्यावर आला आणि वर फाटायलाही लागला. मोबाइल चार्जिंगला लावला की शिट्टी येते, रेझ केली की शिट्टी चढते. आता ते विचारताहेत, अ‍ॅम्प मोठा घेऊ का?

नका घेऊ. अ‍ॅम्प बिचारा मिळेल ते मोठं करून देतोय. त्याला शिट्टी दिली तर तो मोठी शिट्टी देणार. तुमच्या गाडीला दोन वेगवेगळे आजार आहेत आणि दोन्ही अ‍ॅम्पच्या अलीकडे आहेत. मुंबई नाक्याजवळ बावीस वर्षं मी हेच काम करतोय. आधी कारटेप बसवायचो, आता निम्म्या बाइकच असतात. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी आवाज निम्मा का झाला ते बघू. वाय जॅक एका उपकरणातून दोन ठिकाणी आवाज न्यायला बनलाय. मोबाइलमधून दोन इअरफोन चालवायचे असतील तर तो ठीक. उलट्या बाजूनं, म्हणजे दोन उपकरणं एका ठिकाणी आणायला तो वापरला की घोळ होतो. मोबाइलचं इअरफोनचं आउटपुट १६ ते ३२ ओहमचा इअरफोन चालवायच्या हिशोबानं केलेलं असतं. तुम्ही त्याला नेव्हिगेशनचं आउटपुट थेट जोडलंत. ते गप्प असलं तरी त्याचा स्वतःचा रोध जेमतेम काही ओहमचा. मोबाइलच्या दृष्टीनं ते जवळपास शॉर्टच. एका जूला दोन बैल उलट्या तोंडानं जुंपावेत तसा प्रकार आहे हा. मोबाइलची निम्मी ताकद नेव्हिगेशनला ढकलण्यात जाते, आणि झेपेनासं झालं की आवाज फाटतो. तिसरं मॉड्यूल जोडलं की आणखी वाट लागते.

उपाय पन्नास रुपयांच्या आतला आहे. प्रत्येक आउटपुटच्या वायरमध्ये एकेक रेझिस्टर, म्हणजे करंटला अडवणारा छोटा भाग, घाला आणि रेझिस्टरच्या पलीकडची टोकं एकत्र करून अ‍ॅम्पला द्या. आता मोबाइलला समोर काही ओहमचा शॉर्ट दिसत नाही, किमान हजारभर ओहम दिसतात, त्यामुळे तो सुखात राहतो. क्वार्टर वॉटचे साधे मेटल फिल्म रेझिस्टर चालतात.

बहुतेक जण तिन्हींना सारखाच १ किलोओहम लावतात. मी लावत नाही. नेव्हिगेशनला १ किलोओहम लावतो, मोबाइलला आणि एफएमला ३.३ किलोओहम. अशा जोडणीत ज्याचा रेझिस्टर लहान त्याचा वाटा मोठा. हिशोब केला तर नेव्हिगेशनचा साधारण ६२ टक्के सिग्नल अ‍ॅम्पपर्यंत पोचतो आणि बाकी दोघांचा १९-१९ टक्के. म्हणजे ‘पुढे डावीकडे वळा’ हे गाण्यापेक्षा सुमारे १० डेसिबलनं वर ऐकू येतं. कुठलंही सर्किट न बनवता, नुसत्या रेझिस्टरच्या आकड्यावर हे जमतं. द्वारकाच्या चौकात आयत्या वेळी कुठली लेन धरायची हे गाण्याखाली दबून गेलं की काय होतं ते नाशिककरांना वेगळं सांगायला नको.

त्यात डावा-उजवा वेगळा ठेवायच्या भानगडीत पडू नका. हँडलवर हातभर अंतरावर दोन स्पीकर, वर हेल्मेट आणि वारा, इथे स्टिरिओ कुणाला कळणार? मोनो करा. फक्त मोबाइलचे डावा आणि उजवा थेट एकमेकांना जोडू नका, नाहीतर तीच चूक पुन्हा केल्यासारखं होईल. दोघांना स्वतंत्र रेझिस्टर द्या. त्या दोन वायरींतून एकच आवाज येत असल्यानं तिथे दोन्हीकडे ३.३ ऐवजी ६.८ किलोओहम लावला की वरचा हिशोब जवळपास तसाच राहतो. एफएमचंही तेच. नेव्हिगेशनचं आउटपुट डावा-उजवा असं दुहेरी असेल तर तिथे २.२ किलोओहमचे दोन.

या पद्धतीत एकच दुखणं आहे. सिग्नल घटतो, त्यामुळे अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम वर न्यावा लागतो. टीपीए ३११६ या आयसीच्या बोर्डाला गेन (सिग्नल मोठा करायची ताकद) मुबलक असतो, तिथे अडत नाही. तुमच्या बोर्डावर कमी पडलाच तर ऑप-अ‍ॅम्पचा मिक्सर, म्हणजे आवाज एकत्र करून वाढवणारं छोटं सर्किट, करून घ्या. एनई ५५३२ आयसी, प्रत्येक इनपुटला २.२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १० किलोओहमचा रेझिस्टर, फीडबॅकला २२ किलोओहम. बाइकवर मायनस १२ व्होल्ट नसतात, त्यामुळे १०-१० किलोओहमच्या दोन रेझिस्टरनी निम्मा व्होल्टेज तयार करून तो प्लस पायाला द्यायचा, त्याला ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि आउटपुटलाही अ‍ॅम्पकडे जाताना एक कपॅसिटर. यात एका उपकरणाला दुसऱ्याचा पत्ताच लागत नाही. कुठलंही मधूनच काढलं तरी बाकीच्यांचा आवाज वरखाली होत नाही. पण आधी रेझिस्टर लावून बघा. माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी सात-आठ गाड्यांचं तेवढ्यावर भागतं.

आता शिट्टी. खरं काम इथे आहे, आणि लोक नेमके इथेच चुकीच्या ठिकाणी पैसे घालतात.

आधी कान लावून ऐका. रेझसोबत चढत जाणारी सलग बारीक शिट्टी असेल तर ती चार्जिंगची. रेझसोबत वेग वाढणारी टिक-टिक-टिक असेल, त्यातही एफएमवर जास्त, तर ती स्पार्कची. त्यासाठी प्लगच्या नंबरात आर अक्षर आहे का बघा, म्हणजे आत रेझिस्टर असलेला प्लग. प्लगची टोपीही रेझिस्टरवालीच हवी. इंजिन बंद असतानाही खरखर येत असेल तर दोष तुमच्या मॉड्यूलमध्ये आहे, गाडीत नाही. तुमच्या वर्णनावरून तुमची पहिल्या प्रकारची.

कारसाठी विकले जाणारे नॉइज फिल्टर बाइकवर फारसे का चालत नाहीत, त्यालाही कारण आहे. कारच्या अल्टरनेटरमध्ये फील्ड कॉइलचा करंट कमी-जास्त करून व्होल्टेज सांभाळतात. आपल्या बहुतेक बाइकना कायमचं चुंबक असतं. ते फिरलं की वीज तयार होणारच, तिला कमी करता येत नाही. मग आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर) जास्तीची वीज शॉर्ट करून उष्णतेत घालवतं. म्हणून त्याला पंख्यासारख्या त्या पात्या असतात. हे शॉर्ट करणं सेकंदाला शेकडो वेळा चालतं, आणि त्याचे धक्के प्लसपेक्षाही मायनसच्या वायरीत जास्त त्रास देतात. लोक फिल्टर घालतात प्लसमध्ये, आणि चोर मागच्या दारानं येत राहतो.

मागचं दार म्हणजे अर्थिंग. दोन वर्षांपूर्वी दिंडोरीकडचा एक द्राक्षबागायतदार त्याची बुलेट घेऊन आला होता. तक्रार तुमचीच. आधीच्या मेकॅनिकनं अ‍ॅम्पचा मायनस सीटखालच्या फ्रेमच्या बोल्टला दिला होता आणि मोबाइल चार्जरचा मायनस हेडलाइटच्या मागे. मी मल्टिमीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवला, एक काडी बॅटरीच्या मायनसला, दुसरी त्या फ्रेमच्या बोल्टला. इंजिन चालू, हेडलाइट चालू. काटेवाला असता तर थरथरला असता, आकडा चाळीस ते साठच्या मध्ये नाचत होता. मोबाइलचं गाणं असतं तीनएकशे मिलिव्होल्टचं. म्हणजे गाण्याच्या पाच-सहा भागांना एक भाग कचरा, आणि तो थेट अ‍ॅम्पच्या पोटात. बोल्ट सोडवला तर खाली रंगाचा थर तसाच! लगला, म्हणजे वायरच्या टोकाच्या कडीला, धातू लागलेलाच नव्हता, फक्त आट्यांतून काय जाईल तो करंट. बॅटरीच्या मायनसवरून एक जाड वायर ओढली, अ‍ॅम्पचा आणि चार्जरचा मायनस दोन्ही तिथे आणले. निम्मी शिट्टी त्याच क्षणी गेली.

निम्मीच का? कारण उरलेली वेगळ्या वाटेनं येत होती. मोबाइल चार्जिंगला असताना त्याचा मायनस दोन वायरींनी बॅटरीला जोडला जातो. एक चार्जिंगची केबल, दुसरी ऑडिओची. चार्जिंगचा दीड-दोन अँपिअरचा करंट परत येताना दोन्ही वाटा वापरतो. ऑडिओच्या वायरीतून असा परका करंट वाहायला लागला की अ‍ॅम्पला वाटतं तोच सिग्नल. याला ग्राउंड लूप म्हणतात. तुमची खात्री करायची असेल तर सोपं आहे. इंजिन चालू ठेवा, मोबाइल वाजू द्या आणि फक्त चार्जिंगची पिन उपटा. शिट्टी झटकन थांबली तर लूपच आहे.

लूप तोडायच्या तीन वाटा आहेत. पहिली म्हणजे ग्राउंड लूप आयसोलेटर. त्याच्या आत एकास-एक प्रमाणाचे दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. आवाज चुंबकातून पलीकडे जातो, वायर जोडलेली राहत नाही. प्रधान पार्कच्या बाजारात किंवा ऑनलाइन मिळतो. घेताना मल्टिमीटरनं तपासा. इनपुटच्या जॅकचा मायनस आणि आउटपुटच्या जॅकचा मायनस यांच्यात बीप वाजली तर तो आयसोलेटर नाही, नुसती डबी आहे. मी अशा डब्या उघडून बघितल्यात, आत सरळ वायर. स्वस्तातले आयसोलेटर खर्ज खातात अशी ओरड असते आणि ती खरी आहे. पण तीन इंची स्पीकरमध्ये मुळात खर्ज आहे कुठे, जो खायचा?

दुसरी वाट एफएम-यूएसबी मॉड्यूल किंवा ब्लूटूथ रिसीव्हर बोर्डासाठी. हे बोर्ड अ‍ॅम्पच्याच सप्लायवर चालवले की गाण्याच्या मागे किरकिर ऐकू येते. त्यांना स्वतंत्र आयसोलेटेड डीसी-डीसी कन्व्हर्टर द्या. बी ०५०५ नावाचं चिमुकलं मॉड्यूल मिळतं, ५ व्होल्ट आत, ५ व्होल्ट बाहेर, मधे वायरीचा संबंध नाही. ते १ वॉटचं असतं, म्हणजे २०० मिलिअँपिअर. ब्लूटूथ बोर्डाला पुरेसं. यावर मोबाइल चार्ज करायला जाल तर ते बसेल.

तिसरी वाट मला सगळ्यात आवडते. मोबाइलची ऑडिओ वायरच काढून टाका आणि त्याला ब्लूटूथनं जोडा. मधे हवा असली की लूप कुठून होणार? मग मोबाइल कितीही चार्ज करा.

खरं तर इथे तुम्हाला एक आगाऊ प्रश्न विचारतो. वेगळं नेव्हिगेशन यंत्र खरंच हवंय का? मोबाइलवरच नकाशा आणि गाणी दोन्ही चालवली तर सूचना आली की फोन आपोआप गाणं दाबतो आणि नंतर वर आणतो. हे काम बाहेरच्या सर्किटनं करायचं तर एलईडी, एलडीआर, वेळ ठरवायला कपॅसिटर असा खटाटोप लागतो, आणि तरी ते फोनइतकं सफाईदार होत नाही. कसाऱ्याच्या घाटात रेंज जाते म्हणून यंत्र घेतलं असेल तर नकाशा आधी डाउनलोड करून ठेवता येतो. तरी यंत्र घेतलंच आहे, पैसे गेलेच आहेत, तर ठेवा. वरचा १ किलोओहमवाला जुगाड त्यासाठीच सांगितला.

अ‍ॅम्पच्या दुसऱ्या बाजूबद्दल एक गोष्ट माझ्या खिशातून गेलेल्या पैशांवर शिकलोय. क्लास-डी अ‍ॅम्पच्या या बोर्डांत स्पीकरची दोन्ही टोकं जिवंत असतात. त्यांच्यावर प्लस-मायनस लिहिलेलं असतं, पण तो मायनस म्हणजे बॅटरीचा मायनस नव्हे. सुरुवातीच्या काळात मी कारटेपच्या जुन्या सवयीनं वायर वाचवायला दोन्ही स्पीकरचे मायनस फ्रेमला दिले. गिऱ्हाइकानं चावी फिरवली, एक टप् आवाज, आणि सीटखालून तो विशिष्ट वास. बोर्ड माझा, भरपाई माझी. तेव्हा प्रत्येक स्पीकरला दोन स्वतंत्र वायरी न्या, आणि कुठलीच फ्रेमला लागू देऊ नका.

या अ‍ॅम्पच्या डब्यावर शंभर वॉट लिहिलेलं असतं, तेही मनावर घेऊ नका. १४ व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला असा अ‍ॅम्प आवाज न फाटता फार तर २४ वॉट देऊ शकतो. व्होल्टेजचा वर्ग भागिले रोधाची दुप्पट, करून बघा. मोठा आकडा २१-२४ व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरवरचा असतो. बाइकवर तो कधीच येणार नाही.

सप्लायचं थोडक्यात. प्लस थेट बॅटरीवरून घ्या, बॅटरीपासून वीतभर अंतरातच ७.५ अँपिअरचा फ्यूज, मग रिले, म्हणजे चावीसोबत आपोआप चालू-बंद होणारा स्विच. रिलेची ३० नंबरची पिन फ्यूजकडे, ८७ अ‍ॅम्पकडे, ८५ मायनसला, ८६ चावीसोबत चालू होणाऱ्या एखाद्या वायरला. कॉइलवर वन एन ४००७ डायोड उलटा लावा. रिले कशाला, असं विचारणारे भेटतात. अ‍ॅम्प आणि ब्लूटूथ गप्प बसले तरी शंभरेक मिलिअँपिअर ओढतात. चोवीस तासांत २.४ अँपिअर-तास गेले. बॅटरी ८ अँपिअर-तासाची असेल तर तीन-चार दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ मारताना नुसती टकटक. गाडी नवीन असेल तर कंपनीची वायर कापून जोड मारू नका, वॉरंटीवर बोट ठेवतील. ॲक्सेसरीसाठी दिलेला कपलर शोधा, नाहीतर फ्यूज बॉक्समधून टॅप घ्या.

अ‍ॅम्पच्या सप्लायवर १८ व्होल्टचा टीव्हीएस डायोड आणि २२०० मायक्रोफॅरडचा, ३५ व्होल्ट, १०५ अंशांचा कपॅसिटर असू द्या. बॅटरीचा लग धावताना ढिला झाला तर आरआर युनिटचा धक्का सरळ अ‍ॅम्पवर येतो. तेव्हा तो डायोड स्वतः मरून अ‍ॅम्पला वाचवतो.

सिग्नलची वायर शील्डवालीच वापरा आणि इग्निशन कॉइलपासून लांबून न्या. ओलांडावीच लागली तर काटकोनात. टाकीखालून नेताना हँडल पूर्ण डावीकडे-उजवीकडे वळवून बघा, वायर ताणली जात नाही ना.

मग पाऊस. शहरात निभावून जाईल, पण घोटी-इगतपुरीकडे जुलैत जाणार असाल तर सर्किटच्या डबीचं तोंड खालच्या बाजूनं ठेवा. केबल ग्लँड, म्हणजे वायर डबीत घ्यायचं घट्ट बूच, तेही खालीच, आणि वायर डबीत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे थेंब तिथून गळून जातो. सिलिकॉन लावताना त्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर तो तांब्याला हिरवा करतो. बिनवासाचं न्यूट्रल घ्या. सिंगल सिलिंडरच्या थरथरीत उभे कपॅसिटर पायांतून तुटतात, त्यांना बुडाशी चिकटवून टाका. ग्लू गन नको, सीटखालच्या उन्हात तो गोंद लोण्यासारखा मऊ होतो. जिथे सोल्डरचा डाग दिलाय तिथून इंचभर पुढेपर्यंत श्रिंक ट्यूब चढवा, वायर नेहमी डागाच्या कडेलाच तुटते.

आणि आवाजाचं म्हणाल तर ताशी साठच्या वर हँडलचे स्पीकर तुमच्यापेक्षा शेजारच्या रिक्षावाल्याला जास्त ऐकू येतात. ताशी ८०-१०० ला हेल्मेटच्या आत वाऱ्याचाच आवाज ९० डेसिबलच्या वर असतो. त्याच्याशी स्पर्धा करायला व्हॉल्यूम वाढवायचा म्हणजे गावाला त्रास. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल धरली आहे. रुग्णालयं, शाळा, न्यायालयांभोवती शंभर मीटरचा पट्टा सरकारनं शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असेल, तिथे ५० आणि ४०. सिव्हिल हॉस्पिटल आणि सीबीएस बसस्थानकाजवळचं न्यायालय तुमच्या रोजच्या रस्त्यावर असेल तर तिथे हात आपोआप नॉबवर गेला पाहिजे. हायवेला ऐकायचं असेल तर हेल्मेटमधले स्पीकर घ्या, आणि तेही मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकू येईल इतपतच. कॉलसाठी माइक मात्र या सिस्टिमला जोडू नका. समोर उघडे स्पीकर असताना माइक हुंकारणारच. फोन आला तर गाडी बाजूला घ्या.

काम करताना सगळं एकदम जोडू नका. आधी फक्त अ‍ॅम्प आणि स्पीकर, इनपुटला काहीच नाही. इंजिन चालू करून रेझ करा. इथेच शिट्टी आली तर अर्थिंग अजून चुकलंय, पुढे जाऊ नका. शांत असेल तर एफएम जोडा, पुन्हा रेझ. मग नेव्हिगेशन, आणि सगळ्यात शेवटी मोबाइल चार्जिंगसकट. ज्या पायरीवर शिट्टी आली त्याच उपकरणाला आयसोलेटर लावायचा, बाकीच्यांना नाही. मला विचाराल तर तुमच्या गाडीत तो एकच लागेल, मोबाइलला. आणि मोबाइल ब्लूटूथवर नेलात तर तोही नाही.